कानाचं काम

भुजंगराव वकील पक्षकाराचं ऐकायला बसले की गंगाखेडच्या कोर्टासमोरच्या कडुलिंबावरचे कावळेसुद्धा आवाज खाली आणत. डोळे मिटलेले, गालात तंबाखू, आणि मान संथ हलतेय. समोरच्यानं बांधाचं भांडण आजोबाच्या लग्नापासून सुरू केलं तरी ते मध्ये तोंड घालत नसत. मानवत गावाकडचा एक गडी सकाळी बोलायला बसला. त्याचं सांगून होईस्तोवर त्याच्या घरी पोरीची सोयरीक जमली, मोडली आणि दुसरीकडे जमलीसुद्धा. खोटं म्हणायला आता भुजंगराव नाहीत, म्हणून मी हे शपथेवर सांगायला मोकळा आहे. पक्षकार बोलत असताना खोलीत तिसरं माणूस चालत नसे. मी त्यांचा ज्युनियर, पण माझी जागाही बाहेरच्या बाकावर.

कामं वाढली, तेव्हा कोणती बाहेर द्यायची हा प्रश्न आला. टायपिंग गेलं कोर्टाच्या फाटकाशी बसणाऱ्या खाजाभाईंकडे. ते असे बडवत की मशीनसकट टेबल गावभर फिरून येई. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, निघालेली एसटी परभणीला पोचेल याचा भरवसा नव्हता. म्हणून जिल्हा कोर्टातून नकला काढायचं काम परभणीच्याच एका कारकुनाला दिलं. बारीकसारीक युक्तिवाद माझ्या गळ्यात आले. मग मला चेव चढला. म्हटलं, पक्षकारांचं ऐकायचं कामही द्या माझ्याकडे, मी तुम्हाला चार वाक्यांत सार सांगत जाईन.

ते म्हणाले, "हातापायाचं काम बिलाशक भायेर दे. कानाचं देयाचं न्हाई. मानूस रडणार तुझ्यापाशी आन् वकील मी? असं कुठं असतंय का बाबा?"

आणि नेमके कानच गेले.

वकीलीणकाकू जेवायला हाक मारत, तेव्हा पलीकडच्या गल्लीतली माणसं हात धुऊन पाटावर बसत; भुजंगराव मात्र पेपर वाचत राहत. डॉक्टरांनी सांगितलं, नस वाळलीय, इलाज नाही. कानात घालायचं यंत्र आणलं, तर त्यातून नुसती शिट्टी वाजे. ते त्यांनी खुंटीला टांगलं आणि पुन्हा पक्षकारांसमोर डोळे मिटून बसू लागले. मी एकदा विषय काढला, तर बोटानं बाहेरचा बाक दाखवला. मी जाऊन बाकावर बसलो. शिवाय इतक्या वर्षांत भांडणं एवढी ऐकलेली, की गाव आणि आडनाव कळलं की उरलेलं ते स्वतःच भरत. बहुतेकदा बरोबर भरत, तेच वाईट झालं.

सरस्वतीबाई आल्या त्या अशातच. नदीकाठच्या खेड्यातल्या. नवरा वारल्यावर दिरानं सामाईक विहिरीवरची त्यांची पाण्याची पाळी बंद केली होती, आणि नवऱ्यानं लावलेली मोसंबीची झाडं सुकत चालली होती. हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी त्या दुपारभर आत बोलल्या आणि दावा जिंकल्यासारख्या बाहेर आल्या. भुजंगरावांनी मला दावा सांगितला, तो जमिनीच्या वाटणीचा. बाईंना तो रीतसर वाचूनही दाखवला. पण त्या कोर्टी भाषेत त्यांना स्वतःचं लग्न वाचून दाखवलं असतं तरी ओळखू आलं नसतं. त्यांनी अंगठा उठवला.

साक्षीला दिराच्या वकिलानं विचारलं, बाई, तुम्हाला जमिनीची वाटणी पाहिजे ना?

"वाटनी कशाला? ती मालक असतानीच झाली की. मला माझी पान्याची पाळी पायजे. झाडं जळायलीत माझी."

तो वकील हसला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. माझ्या शेजारी भुजंगराव मान हलवत होते. मी दुरुस्तीचा अर्ज दिला, तो फेटाळला गेला, पाठोपाठ दावाही. नव्यानं दावा लावता आला असता, पण झाडं काही तारखा घेत नाहीत.

काय घडलं ते गावात ओरडून सांगायची सोय नव्हती. भुजंगरावांना गोदावरीच्या वाळूत नेलं आणि कानाशी तोंड नेऊन असा ओरडलो, की पैलतीरावरच्या म्हशी उठून घरी गेल्या. ते पाण्याकडे वळले.

"भावकी म्हनली की वाटनीच असंल, असं धरून चाललो," म्हणाले. आणि मग, "कान बी भायेर दे आता."

पुढच्या बाजाराच्या दिवशी सरस्वतीबाई आल्या. भुजंगरावांनी मला पहिल्यांदा आत बसवलं. आपल्याला ऐकू येत नाही, हे बाईंना स्वतःच्या तोंडानं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण बाईंनी बसल्या बसल्याच पदर डोळ्यांना लावला.

"सायेब, मीच इस्कोट केला. तुमी येवढं समदं निवांत ऐकून घेतलं, आन् मला तितं धड बोलता आलं न्हाई. तुमच्यावानी माझं कुनीच ऐकलं न्हवतं."

भुजंगराव त्यांच्या ओठांकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले. "काय म्हनायल्यात बाई?"

त्यांना ऐकू जायचं तर ओरडावं लागणार होतं, आणि बाई हातभर अंतरावर बसल्या होत्या.