गोविंदरावांची गार खोली

तीन कारकून एका बिऱ्हाडात राहिले, की कचेरीतल्या फायली परवडल्या इतके किस्से साठतात! आमच्या सोलापूरच्या बिऱ्हाडातले निम्मे तर एका खोलीपायी घडले.

स्वयंपाकघराकडची खोली वडीलधाऱ्या तात्यांची. मधली गोविंदरावांची, माठासारखी गार. पश्चिमेची माझी. दुपारी तिच्या भिंतीला हात लावायची सोय नव्हती! उन्हाळ्यात कचेरी सकाळची, त्यामुळे दुपार मोकळी. त्या वर्षी मी आणि गोविंदराव दोघंही खात्याच्या परीक्षेला बसणार होतो, आणि कायमची जागा एकच होती. मी घाम पुसत कलमं घोकायचो आणि हे गृहस्थ गारव्यात बसून! खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायचं.

*

आधी मी खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. आडावरून बादल्या आणून तो सारखा भिजवायचा. वारा पश्चिमेचा. तो माझ्या खिडकीतून शिरून मधल्या दारानं थेट गोविंदरावांकडे जायचा! मी बादल्या ओढून घामाघूम. चौथ्या दिवशी गोविंदरावांना सर्दी झाली.

घरमालकीण शेवंताबाई जवळच्या कुंभारी गावच्या. त्या म्हणाल्या, "अवो, पानी तुमी वतताय, अन् नाक त्येंचं वाहतंय की!"

*

मग मल्लाप्पा गवंड्याला गाठलं. माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर दिला की खोली गार राहते, असं त्याचं म्हणणं. पण वर चढल्यावर कुठली खोली कुठं, ते त्याला कळेना. ठरलं असं, की मी खालून काठीनं ठोकायचं आणि आवाज येईल तिथं त्यानं माती टाकायची.

मी ठोकायला लागलो. नेमकी त्याच वेळी गोविंदरावांना कोटासाठी तुळईत खुंटी ठोकायची बुद्धी झाली! संध्याकाळी वर जाऊन बघतो, तर सगळी माती मधल्या खोलीवर.

"मल्लाप्पा, हे काय?"

"तुमी लई हळू ठोकला की, सायेब!"

*

माझी कुरकुर ऐकून तात्या वैतागले. म्हणाले, "पुरावा हवा!" त्यांनी डॉक्टरांकडून ताप मोजायचं थर्मामीटर मागून आणलं. माझ्या खोलीत तासभर टांगलं. एकशे चार! मग तेच उचलून गोविंदरावांच्या खोलीत टांगलं. तिथंही एकशे चार!

पारा झटकून उतरवावा लागतो, हे आम्हा कारकुनांना कुठलं ठाऊक? तात्यांनी निकाल दिला, "दोन्ही खोल्यांना सारखाच ताप. अर्ज फेटाळला!"

*

शेवटी लाज सोडून मी गोविंदरावांनाच म्हणालो, "परीक्षेपर्यंत खोली बदलता का?"

"घ्या की! मला काय, कुठंही पथारी."

इतक्या सहज दिली, त्याचाही मला राग आला. पण गेलो. काय तो गारवा! जेवून पुस्तक उघडायचं, पाचच मिनिटं म्हणून फरशीला पाठ टेकायची, की थेट चहाची हाकच कानावर यायची. महिनाभर हेच चाललं.

परीक्षेचा निकाल लागला. संध्याकाळी गोविंदराव पेढे घेऊन माझ्या, म्हणजे त्यांच्याच, खोलीत आले. माझं नाव यादीत नव्हतं, म्हणून बिचारे दारातच घुटमळले.

"बाबूराव, तुमच्या त्या खोलीत दुपारी डोळ्याला डोळा लागायचा नाही हो! मग करणार काय? वाचत बसलो."

मी पेढा तोंडात टाकला.

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते अगदी मनापासून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या परीक्षेलासुद्धा ही गार खोली तुमचीच!"