माईक खराब आहे

मी बोलताना अडकतो. लहानपणापासून. 'ब', 'प' आणि 'क' ही माझी अवघड अक्षरं, आणि राहतो बुऱ्हाणपुरात. त्यामुळे 'तू कुठला?' हा प्रश्न मला कधीच सोपा गेला नाही. कॉलेजात नवं कुणी विचारलं तर मी 'तापीकाठचा' म्हणून सांगायचो.

बी.कॉम. झाल्यावर एका केळी व्यापाऱ्याकडे लागलो. सकाळी सातला जायचं, आलेल्या गाड्यांचे नंबर आणि वजनं कॉम्प्युटरमध्ये भरायची, दुपारी दोनला सुटायचं. मग सिंधीपुऱ्यातल्या घरी वरच्या खोलीत मोबाईल घेऊन बसायचं. गेम मी चांगला खेळायचो. शंभर जण एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारत जातात आणि शेवटी एक जण उरतो, असा तो खेळ. पुष्कळदा उरणारा मीच असायचो.

माझी ताई लग्न होऊन खंडव्याला गेलेली आहे. एकदा माहेरी आली असताना ती माझ्या मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे लाईव्ह दाखव ना. लोक बघतात असलं."

मी दाखवायला लागलो. रोज तीन ते पाच, माईक बंद ठेवून. पंचवीस-तीस लोक यायचे, पाच मिनिटांत दहावर यायचे. किती जण बघताहेत तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो, आणि शत्रूपेक्षा माझं लक्ष त्याच्यावरच असायचं. मी जिंकत असायचो आणि लोक निघून जात असायचे. मग दुसऱ्यांचे लाईव्ह बघितले. माझ्याहून कच्चे खेळणारे होते, पण त्यांच्याकडे शेकडो माणसं टिकून बसायची, कारण ते बोलायचे. मेले तरी का मेलो ते सांगत राहायचे.

माझ्याकडे खाली लोक लिहायचे, "भाई, आवाज क्यों नहीं आ रही?" मी वर पाटीच लावून टाकली: माईक खराब आहे. न बोलता जे करता येईल ते सगळं करून पाहिलं. 'पुलावर जाऊ की गोदामात?' असं लिहून लोकांना विचारायचो आणि ते म्हणतील तिकडे जायचो. त्यानं माणसं टिकायची, हे खरं. पण लिहायला बोटं गुंतली की तेवढ्यात कुणीतरी गोळी घालायचं.

दोनेक महिने असे गेले. मग वाटलं, निदान खेळातला आवाज तरी लोकांना ऐकू जावा. एक बटण दाबलं. त्या बटणानं माझा माईकही सुरू झाला, हे मला कळलं नाही. त्या दिवशी एकेचाळीस लोक होते. थोड्या वेळानं एकानं लिहिलं, "माइक खराब है तो ये खटखट कहाँ से आ रही है?"

आमच्या भिंतीला लागून पावरलूमचा कारखाना आहे. तो आवाज आम्हाला घरात जाणवतसुद्धा नाही. दुसऱ्यानं विचारलं, ट्रेन आहे का? मग एकानं मराठीत लिहिलं, "ट्रेन नाही, लूम आहेत. चार तरी असतील. मी मालेगावचा, माझ्याकडे पण हाच आवाज. पोरा, तू कुठला?"

फोटोवरून ते साठीचे वाटत होते. माझा अंगठा त्या बटणापाशी होता. बंद करता आलं असतं. का केलं नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. खोटं पकडलं गेलं होतं आणि त्या माणसानं आपुलकीनं विचारलं होतं, एवढंच.

"ब," मी म्हणालो, आणि अडकलो. खेळात मी तेव्हा उघड्या मैदानात होतो. टेकडीवरून कुणीतरी नेम धरला. 'बुऱ्हाणपूर' पूर्ण होईपर्यंत माझा माणूस आडवा झाला होता.

खाली हसण्याच्या खुणा आल्या. एकानं 'ब ब ब ब' लिहिलं. एकेचाळीसचे अठरा झाले. मी म्हणालो, "माईक ठीक आहे. मीच अडकतो." हे वाक्य न अडकता निघालं.

मालेगावच्या काकांनी लिहिलं, "असू दे. आम्हाला कुठं गाडी पकडायचीय. त्या घराचा आडोसा सोडून तू मैदानात का आलास ते सांग. मला या खेळातलं काही कळत नाही."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. काका रोज यायचे आणि रोज काहीतरी विचारायचे. हा लाल गोल कसला, तो झाडामागं का बसला, औषध कुठून मिळतं. त्यांना समजावताना बाकीचेही थांबायचे. अडकणं काही कमी झालं नाही, पण बोलण्याच्या आधी जी धडधड व्हायची ती कमी झाली.

एक त्रास मात्र वाढला. मी अडकलो की लोक माझा शब्द पूर्ण करून खाली लिहायचे. मला त्याचा राग यायचा. घरी बाबा आयुष्यभर तेच करत आलेत. मी तोंड उघडलं की पुढचा शब्द त्यांच्याकडे तयार. एक दिवस वैतागून मी म्हणालो, "बरोबर शब्द लिहू नका. लिहायचाच असेल तर चुकीचा लिहा."

हे रागानं बोललो होतो, पण लोकांनी ते उचलून धरलं. मी 'प'वर अडकलो की खाली पपई, पोपट, पंक्चर, पोलीस अशी रांग लागायची. मला हसू फुटायचं आणि हसता हसता शब्द सुटायचा. बघणारे पन्नासवर गेले ते याच्यामुळं. सगळेच दिवस हसण्यासारखे नसायचे. काही वेळा वाटायचं, ही माणसं माझा खेळ बघायला येतात की माझी जीभ? काकांना तसं विचारलं तर त्यांनी लिहिलं, "दोन्ही. ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी सांग, आम्ही गप्प बसू." दोनदा मी तसं सांगितलं आणि दोन्ही वेळा सगळे गप्प बसले.

बाबा कापडाच्या दुकानात कामाला आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांनी जिन्यावरून माझा आवाज ऐकला. लाईव्ह संपल्यावर वर आले.

"कोणाशी बोलत होतास एवढा वेळ?"

"लोकांशी. पन्नासेक होते."

"अडकला नाहीस?"

"अडकलो ना. मग ते चुकीचे शब्द सांगतात."

"मी तर बरोबर सांगायचो," बाबा म्हणाले.

"हो. त्याचाच त्रास व्हायचा."

ते खाली गेले. रात्री जेवताना मी 'पोळी' मागताना अडकलो. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. आईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शब्द येईपर्यंत ती डबा धरून थांबली.

पुढच्या सुट्टीला बाबा तीनलाच वर येऊन खाटेवर बसले. त्यांना खोकला आला तसं काकांनी विचारलं, कोण आहे? मी सांगितलं, माझे बाबा, कापडाच्या दुकानात असतात. काकांनी लिहिलं, "त्यांना विचार, तुमच्याकडे सुताची साडी अजून विकली जाते का?" मी वाचून दाखवलं. बाबा आधी लाजले, मग मोबाईलजवळ सरकून सांगायला लागले. काका लिहीत होते, बाबा मोठ्यानं उत्तर देत होते. कुठला धागा टिकतो, कुठला रंग पहिल्याच धुण्यात जातो. मी मुकाट्यानं खेळत होतो. आकडा बघितला, एकही माणूस उठून गेला नव्हता, उलट चार वाढले होते.

मला बरं वाटायला हवं होतं. अर्धा तास एक शब्दही बोलावा लागला नव्हता. पण मला करमेना. शेवटचे पाच खेळाडू उरले होते, मी एका पडक्या भिंतीमागं होतो, आणि पुढं काय करणार ते मला सांगायचं होतं.

"बाबा," मी म्हणालो. 'ब'ला नेहमीइतकाच वेळ लागला. "थोडं थांबता का? आता मी सांगतो."

बाबा थांबले आणि मला जागा देऊन मागं सरकून बसले.