पुण्याइतकंच लांब

माझा धाकटा भाऊ सिंगापूरला नोकरीला निघाला तेव्हा आईने जेवण टाकलं. तिची समजूत काढताना तो म्हणाला, "अगं आई, मुंबईहून विमानाला साडेपाच तास लागतात. आपल्याला नाशिकरोडहून पुण्याला जायला तेवढेच लागतात की! समज, मी पुण्यालाच आहे."

आईला ते पटलं. मला मात्र भयंकर राग आला. जवळपास चार हजार किलोमीटरचं अंतर, आणि हा शहाणा ते चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बसवून मोकळा! पण आई शेजारीपाजारी सांगत सुटली, "पुण्याइतकंच आहे हो." आधी तो खरंच पुण्याला कॉलेजात होता. तेव्हाचा तिचा नेम ठरलेला. घरी येताना एसटीने सिन्नर सोडलं की त्याने फोन करायचा, आणि फोन ठेवला की हिने कुकर लावायचा. पोराच्या पानात वाफाळता भात पडला पाहिजे! मी नोकरीवरून दमून आले तरी मला सकाळचाच भात, ते वेगळं.

यंदा आईने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना आजच बोलवा. भावाला फोन केला तर त्याला रडूच फुटलं. दिवसाची विमानं भरलेली. तिकीट मिळालं ते रात्रीचं.

"निघाला का गं?" आईने विचारलं.

खरं सांगायची माझी छाती झाली नाही. "निघाला," म्हटलं.

थोड्या वेळाने, डोळे न उघडताच, "कुठवर आला?"

आता काय सांगू? समुद्रावर कुठली गावं असतात? तोंडातून निघून गेलं, "चाकणला. ट्रॅफिक आहे."

"असतंच मेलं तिथे," आई म्हणाली.

मग दिवसभर मी त्याला रस्त्याने आणत राहिले. मंचर. नारायणगाव. आळेफाट्याला चहाला थांबवला, तर आई पुटपुटली, "इतका वेळ काय चहा पितोय!" तिकडे तो अजून बॅग भरत होता. संगमनेरला मी त्याला फार वेळ अडकवून ठेवलं. आईला धाप लागली होती. शेवटी मलाच बघवेना. तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, सिन्नर सोडलं."

"मग कुकर लाव ना," ती म्हणाली. "बसलीस काय?"

मी उठले नाही. तिचा हात धरून बसून राहिले. तिन्हीसांजेला आई गेली.

ते कळल्यावर भाऊ विमानात बसला. ते साडेपाच तास त्याने कसे काढले, मी कधी विचारलं नाही. त्याच्यावरचा माझा राग तेव्हाच संपला.

सकाळी आईला हॉलमध्ये ठेवलेलं, माणसं जमलेली, सगळे त्याच्यासाठी थांबलेले. त्याचा फोन आला, "ताई, घोटी सोडली." मुंबईकडून येताना घोटी म्हणजे आमचं सिन्नरच.

मी स्वयंपाकघरात गेले. तांदूळ धुतले, गॅस पेटवला. मावशी धावत आली. "अगं, वेड लागलं का तुला? आई अजून घरात आहे. चूल पेटवतात का अशी?"

"तिनेच सांगितलंय," मी म्हटलं आणि कुकरचं झाकण लावलं.