झुंबरबाईंचा बधिर हात

चाळीसगावजवळच्या त्या खेड्यात भरताचा बेत ठरला की झुंबरबाईंना बोलावणं जायचं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी त्या वाफा निघत असतानाच सोलायच्या. बाया म्हणायच्या, "अक्काना हात लोखंडना शे."

एका हिवाळ्यात सून रत्नाला त्यांच्या करंगळीवर टरारलेला फोड दिसला.

"चटका लागना नही का तुमले?"

"नही वं. काय माहीत फोड कव्हय उना."

रत्नाला ते ठीक वाटेना. तिने सासूबाईंना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर नूतन यांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि बॉलपेनचं टोक हातावर टेकवत नेलं. "टेकलं की सांगा." अंगठ्याशी सांगता आलं. करंगळीवर आणि शेजारच्या बोटावर झुंबरबाई गप्पच. दंडावर एक तांबूस चट्टा होता, त्यावरही तेच. कोपराजवळची नस जाड लागत होती. कानाच्या पाळीचा नमुना तपासला, त्यात कुष्ठरोगाचे जंतू निघाले.

घरी येताच झुंबरबाईंनी आपलं ताट वेगळं केलं, अंथरूण ओसरीवर नेलं. रत्नाने ते डॉक्टरांना सांगितलं.

"अहो, ताटातून नाही जात हा," डॉक्टर म्हणाल्या. "औषध न घेतलेल्या रोग्याच्या श्वासातून, शिंकेतून जातो, तेही फार दिवसांच्या सहवासाने. बहुतेकांचं शरीर त्याला पुरून उरतं. जंतू सावकाश वाढतो, त्यामुळे कुणाकडून आला हे कळायचं नाही. गोळ्या सुरू झाल्या की फैलाव थांबतो. पण घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा."

झुंबरबाईंचे यजमान जीवरामआबा अडून बसले. "माले काय व्हयनं?"

"सदरा काढा," झुंबरबाई म्हणाल्या.

आबांच्या पाठीवर, त्यांना स्वतःला कधी दिसला नसता अशा जागी, फिकट चट्टा होता. टोचलं तरी कळत नव्हतं. आबा निमूटपणे दवाखान्यात गेले; त्यांनाही तोच रोग निघाला.

दोघांची औषधं पूर्ण झाली. आबांचं वेळेत कळल्याने नसा वाचल्या. झुंबरबाईंच्या बोटांतली जाणीव मात्र परतली नाही. रोग गेला, तरी मेलेली नस जिवंत होत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

गावात बातमी पसरलीच. दोन घरांनी बोलावणं बंद केलं. झुंबरबाईंना ते लागलं, पण त्यांनी लपवलं नाही. एका दुपारी गावातली कोकिळा पदराने गाल झाकून त्यांच्याकडे आली. तिच्या गालावर चट्टा होता.

"खाजस का?" झुंबरबाईंनी विचारलं.

"भलतं खाजस."

झुंबरबाईंचा स्वतःचा चट्टा कधी खाजला नव्हता, तरी त्या तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. नुसता गजकर्ण निघाला.