वसूताईंची आंबील

वसुधा गेल्याचा फोन तिच्या यजमानांचा, अरुणरावांचा आला, तेव्हा मी डाळिंब सोलत होते. रडू आलंच... पण दहाव्याला जमलेली गर्दी पाहून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर माझ्या वेळी एवढी माणसं येतील का? पेठहून जीप भरून बायका आल्या होत्या. खोटं कशाला बोलू, तेव्हाही माझा जळफळाट झाला.

नाशिक रोडच्या एकाच शाळेत आम्ही दोघी शिकवायचो. ती मराठी, मी भूगोल. निवृत्तीनंतर एका मुलींच्या वसतिगृहाचं जेवण आम्ही मनावर घेतलं. मुली पेठ-सुरगाण्याच्या, आणि ताटात मात्र कुठून कुठून आलेलं धान्य. त्यांच्याच डोंगरातली नागली, म्हणजे आपली नाचणी, तांदूळ, सिन्नरकडची भाजी इथे का शिजू नये? ही कल्पना माझी. कोणत्या महिन्यात कुठल्या गावाहून काय आणायचं, तो नकाशाही माझा. आठवड्यातून चार दिवस नागलीची भाकरी, हेही मीच लिहिलं... आणि तिथेच माती खाल्ली. दीडशे मुलींच्या भाकऱ्या थापायच्या कुणी? स्वयंपाकाच्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी हात टेकले. मी आपली कागद दाखवत बसले. वसुधा पदर खोचून मावशींच्या शेजारी बसली, पेठच्या नागली पिकवणाऱ्या हौसाबाईंना बोलावून आणलं, आणि भाकरीऐवजी सकाळी नागलीची आंबील ठरली. मुली वाट्या चाटूनपुसून संपवू लागल्या. आणखी वसतिगृहांनी तेच उचललं. नाव झालं ‘वसूताईंची आंबील’. नकाशाचं कुणी नावही काढलं नाही. मग गुडघ्याचं निमित्त सांगून मी जाणंच बंद केलं.

या वैशाखात ती घरी आली. म्हणाली, "अगं, गावं वाढलीत. यंदा कुणी किती नागली लावायची, ते तू मांडून दे. मला नाही जमत ते, तुला माहितीये." तिला न जमणारी एक तरी गोष्ट होती आणि ती मला येत होती, याचं केवढं बरं वाटलं मला. तरी म्हणाले, "बघू, सध्या वेळ नाही." वेळ होता. तिला जरा ताटकळत ठेवायचं होतं, बस्स. पंधरा दिवसांत ती गेली.

पेरणी तोंडावर आली तसा हौसाबाईंचा निरोप आला, आता गावांना सांगायचं काय? बैठक अजूनही वसुधाच्या स्वयंपाकघरातच भरते, तिच्या रीतीप्रमाणे सगळ्या खाली फरशीवर. चहा अरुणराव करतात. तीन दिवस खपून केलेला तक्ता मी मधोमध पसरला. घरी खायला आधी किती ठेवायची आणि वसतिगृहांना किती द्यायची, गावागणिक सगळं होतं त्यात. हौसाबाईंनी एकेक गाव विचारून घेतलं. चूक एकही निघाली नाही. मग त्या म्हणाल्या, "लय बेस झालं. वसूताईंनी बघाया पायजे व्हतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथेही हीच. तक्ता गुंडाळायला वाकले... आणि हात थांबला. तीन दिवस मीही तो तिलाच दाखवायचा म्हणून करत होते.