रूफसबद्दल बोलायला आलेली आई

वेल्मा स्टँडिफर जॉर्जियातल्या कॉटर बेंड गावी आठवीला इतिहास शिकवायची. काळ्या आणि गोऱ्या मुलांची शाळा एक होऊन फार दिवस झाले नव्हते. पोरं अजून आपापल्या रंगाची सोबत पाहूनच बाकं धरत. दुसऱ्या महायुद्धाचा धडा चालला होता. पुस्तकात चित्र होतं: परतलेले सैनिक, फुलं, बँड, मिरवणूक.

"बाई, आपल्या गावात पण निघाली होती का मिरवणूक?" पेनी लँकफर्ड नावाच्या गोऱ्या मुलीनं विचारलं.

वेल्मानं पुस्तक मिटलं. तिचा थोरला भाऊ रूफस त्याच युद्धावरून परतला होता. काळ्यांनी मत देणं गावातल्या गोऱ्यांना खपत नसे, तरी मतदार म्हणून नाव नोंदवायला तो गणवेश घालून कचेरीत गेला आणि पुढं नदीत मेलेला सापडला. वेल्मा तेव्हा लहान होती. त्यानंतर घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही.

संध्याकाळी तिची आई आयडेला चवळी निवडत बसली होती.

"आई, माझ्या वर्गात येशील? रूफसबद्दल सांगायला?"

"डोकं फिरलंय का तुझं? मेलेल्याला उकरतेस?"

"पोरांना वाटतं, अमेरिकेचा इतिहास म्हणजे कुठंतरी लांब घडलेलं काहीतरी. आपली नदी काय अमेरिकेबाहेर आहे?"

"आणि ती गोरी पोरं हसली तर?"

"हसली तर मी आहे की."

वेल्मानं पिच्छाच पुरवला. अखेर एका शुक्रवारी आयडेला चर्चची निळी टोपी घालून वर्गात आली, खुर्चीच्या कडेला टेकली.

"त्या सकाळी त्यानं गणवेशाला स्वतः इस्त्री केली," ती म्हणाली. "मी म्हटलं, साधे कपडे घाल रे बाळा. तर म्हणतो, या कपड्यांत मी मेलो असतो तर सरकारला चाललं असतं, मग मत का चालू नये? नदीतून काढला तेव्हा सगळ्या गुंड्या तोडलेल्या होत्या. पुरायच्या आधी मी दुसऱ्या लावल्या."

कुणी हसलं नाही. मागून एकानं हळूच विचारलं, "कोणी मारलं, आजी?"

"गावाला ठाऊक आहे. पण त्यांची नातवंडं इथं बसली असतील. तुमचा काय दोष त्यात? नाव नाही घेत मी."

पेनी हमसून हमसून रडत होती.

घरी जाताना आयडेला म्हणाली, "हलकं वाटलं गं. पुढच्या शुक्रवारी परत येते. तो गायचा कसा, ते राहिलंच सांगायचं."

सोमवारी मुख्याध्यापकांनी वेल्माला बोलावलं. "पालकांचे फोनवर फोन येतायत. यापुढं पुस्तकाबाहेर जायचं नाही. आईला पुन्हा आणलंत, तर नोकरी विसरा."

आईला हे सांगायला वेल्माची जीभ रेटेना. शुक्रवार आला की आयडेला नटूनथटून ओट्यावर बसायची आणि वेल्मा काहीतरी सबब सांगायची. "आज परीक्षा आहे, आई." "आज पोरं सहलीला गेलीत." एकदा म्हातारी म्हणाली, "माझं बोलणं आवडलं नाही का गं त्यांना?"

"फार आवडलं."

"मग?"

मग वेल्मानं खरं ते सांगून टाकलं. आयडेलानं डोक्यावरची निळी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"इतकी वर्षं मिटलेलं तोंड तू उघडायला लावलंस, पोरी. आता ते पुन्हा मिटायचं कसं, तेवढं सांग."

मिटलं नाहीच ते. चुलीपाशी, अंगणात, अंथरुणात, ती रूफसबद्दल बोलत राहिली. समोर कुणी असो वा नसो. वेल्मा शाळेतून आली की जवळ बसून ऐकायची. "तू नको गं ऐकूस," आई म्हणायची, "तू घरचीच. तुला सांगून काय उपयोग? त्या पोरांना सांगायचंय." कापूस फुटायच्या दिवसांत ती गेली, बोलता बोलताच.

वेल्माची नोकरी टिकली. त्याच वर्गात तिनं पुढं कितीतरी वर्षं इतिहास शिकवला, पुस्तकात असेल तेवढाच.