जीपचा उजवा आरसा

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून जेवढे डोंगर आहेत, त्यांतला कुठला डोंगर कुणाच्या अंगणातून दिसतो हे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस आजवर एकच झाला. तो नकाशे काढणारा नव्हता, इंजिनियर नव्हता. तो आमच्या कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर होता. आज डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर बसून लोक घटकेत उतारा काढतात, मुलं परीक्षेचे फॉर्म भरतात, तेव्हा त्याचं श्रेय कुणाला द्यायचं यावर भाषणं होतात. मी त्या भाषणांना टाळ्या वाजवतो आणि मनात एका आरशाचं नाव घेतो. नोकरीची तीस वर्षं मी या दोन तालुक्यांत काढली. ही गोष्ट कुठल्या कचेरीतली ते सांगत नाही, कारण चूक कचेरीची नव्हती, माझी होती. तीही सांगणार आहे. पण आधी चाचा.

त्यांना सगळे चाचाच म्हणत. बीडीओसाहेब म्हणत, शिपाई म्हणे, रस्त्यावर हात करणाऱ्या म्हाताऱ्या म्हणत, आणि घरी त्यांची बायकोही 'चाचा आले' असंच म्हणते अशी कचेरीत वदंता होती. राहायला शिवऱ्याला, हायवेच्या अगदी कडेला, पण स्वतः हॉर्न कधी वाजवत नसत. आडवी म्हैस आली की इंजिन बंद करायचे, खाली उतरायचे आणि तिच्याशी बोलायचे. "बाई, सायबांस्नी मिटिंग हाय. तुज्याकडं काय मिटिंग न्हाई. मग सरक की जरा." म्हैस सरकायची. साहेब मिटिंगला उशिरा पोचायचे, पण म्हशीवर चिडायची सोय चाचांनी ठेवलेली नसायची. जीपच्या लॉगबुकात शेऱ्यासाठी एक रकाना असतो. इतर ड्रायव्हर तो कोरा ठेवत. चाचा भरून काढत. 'पुलापर्यंत रस्ता. पुढे श्रद्धा.' 'घाटात साहेब घाबरले. जीप घाबरली नाही.' 'पाली येथे थांबलो. किल्ला चढणाऱ्या पोरांनी धक्का दिला. पोरे पुण्याची असूनही जोर होता.' एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने लाल शाईत लिहिलं, 'भाषा सुधारावी.' चाचांनी त्याखाली निळ्या शाईत लिहिलं, 'वाचले.'

दोन हजार सालानंतरचा तो काळ. ग्रामपंचायतींना नुकते कॉम्प्युटर मिळाले होते. बहुतेक ठिकाणी ते विणलेल्या रुमालाखाली झाकलेले असत आणि दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागे. इंटरनेट यायचं ते फोनच्या तारेतून, आणि तेही कण्हत. चाचा त्या आवाजाची नक्कल अशी करत की आतल्या खोलीतून बीडीओसाहेब विचारत, "लागलं का रे?" मग जिल्ह्यातून योजना आली. एका टेकडीवर टॉवर उभा करायचा, गावोगावी छपरावर एक छोटी छत्री लावायची, आणि टॉवरकडून छत्रीकडे हवेतून वेगवान इंटरनेट सोडायचं. पत्रात ब्रॉडबँड असा शब्द होता. चाचांनी वाटेतल्या चार गावांत 'बँड येतोय' असं सांगून टाकलं. एका सरपंचांनी तो लग्नसराईच्या आधी येईल का म्हणून लेखी चौकशी केली.

अट एकच होती. छत्रीतून टेकडी थेट दिसली पाहिजे, मधे डोंगर नको. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला मी कचेरीत एकटाच, म्हणून पाहणी माझ्याकडे आली. प्रत्येक गावापुढे लिहायचं, 'दिसते' किंवा 'दिसत नाही'. ज्याच्यापुढे 'दिसत नाही', त्याचं नाव यादीतून गेलं. पण टॉवर अजून झालाच नव्हता. समोर दहा टेकड्या एकीमागे एक उभ्या असताना त्यांतली आपली कोणती, हे सांगायचं कुणी? मोबाईलला तिकडं रेंज नव्हती. मी दोन दिवस नकाशा पसरून बसलो. तिसऱ्या दिवशी चाचांनी पान्हा घेतला आणि जीपचा उजवा आरसा काढला.

"आरसा काय करता, चाचा?"

"म्या टेकडीवर बसतो. तुमी गावात जावा. म्या हिकडनं तीन चमकारे मारतो. तुमाला दिसले की तुमी दाढीच्या आरशानं तीन मारा. तीन गेले, तीन आले, की दिसतंय म्हणायचं. हाय काय त्यात?"

खरंच काही नव्हतं त्यात. सबंध उन्हाळाभर आम्ही तसं केलं. आरसा पुन्हा बसवायचा आणि काढायचा कंटाळा म्हणून जीप तशीच हिंडली. चाचांच्या शेजारी बसेल त्याच्यावर मागची जबाबदारी. बीडीओसाहेब खिडकीतून मान बाहेर काढून सांगत, "एसटी येतेय, चाचा," आणि चाचा म्हणत, "किती लांब हाय ते बी सांगत जावा." हायवेला एकदा पोलिसाने अडवून विचारलं, आरसा कुठं आहे. चाचा म्हणाले, "सरकारी कामावर गेलाय." ते खरंच होतं.

आता माझी गोष्ट. यादीतलं शेवटचं नाव टेपावरच्या वाडीचं. मार्गासनीच्या पुढे आत वळलं की एक फाटा लागतो, तिथून दीड तासाची उभी चढण. पन्नासेक घरं आणि एक शाळा. तिथल्या माणसाला साध्या दाखल्यासाठी दीड तास उतरून यायचं, एसटीची वाट बघायची आणि साहेब नसले की दुसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणजे छत्रीची गरज कुणाला सगळ्यांत जास्त, हे मला कागदावर माहीत होतं. चाचांनी मला सकाळी फाट्यावर सोडलं आणि ते जीप घेऊन टेकडीकडे गेले. माझ्या पायात नवे बूट होते. ते चावत होते. कारण एवढंच, आणि इतकी वर्षं ते मी कुणाला सांगितलं नाही. मी फाट्यावरच्या टपरीत बसलो, भजी खाल्ली, पेपर वाचला, बुटांच्या नाड्या सैल केल्या. टपरीतून टेकडी दिसत नव्हती, मधे डोंगराची सोंड होती. मी स्वतःशी म्हटलं, इथून दिसत नाही म्हणजे वरूनही दिसत नसणार. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

संध्याकाळी चाचा आले. दिवसभर उन्हात बसून चेहरा तांब्यासारखा झालेला, पण खुशीत होते. म्हणाले, "काय सायेब, कसं?"

मी म्हणालो, "वर जाऊन आलो, चाचा. दिसत नाही. मधे सोंड येते."

चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग बुटांकडे पाहिलं. त्यांवर धुळीचा कण नव्हता.

"बूट चांगले हायत," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी काढली. त्या दिवशी परतीच्या वाटेवर ते एकाही म्हशीशी बोलले नाहीत.

मी 'दिसत नाही' लिहिलं. वाडी यादीतून गेली. पंधरा दिवसांनी यादीवर शेवटची सही व्हायची होती, आणि त्याच्या दोन दिवस आधी बीडीओसाहेबांचा त्या बाजूला दौरा निघाला. मी मागच्या सीटवर होतो. फाट्यावर येताच जीप तीनदा खोकली आणि बंद पडली. चाचांनी बॉनेट उघडलं, आत बराच वेळ डोकं घातलं आणि बाहेर काढून म्हणाले, "सायेब, दोन तास तरी लागतील. इंजिन थंड व्हयाला पायजे. हितं ऊन लई. वर वाडीत शाळेची सावली हाय, च्या बी मिळंल. चला, म्या पोचवतो." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुमी हितंच थांबा. जीप राखा."

ते दोघं चढून दिसेनासे झाल्यावर मी पुढच्या सीटवर गेलो आणि किल्ली फिरवली. जीप पहिल्या झटक्यात चालू झाली. मी ती लगेच बंद केली. त्यानंतरचे तीन-साडेतीन तास मी आयुष्यात विसरलेलो नाही. तीच टपरी, तेच बाकडं, आणि मला वरच्या माणसांसमोर उभं राहायला लागू नये म्हणून खाली ठेवून गेलेला एक ड्रायव्हर.

बीडीओसाहेब खाली आले ते घामाघूम आणि तापलेले. "दिसतंय हो! शाळेच्या ओट्यावरून टेकडी स्वच्छ दिसतेय. शिवाय तिथल्या अंगणवाडीच्या ताई सांगतात, मागे तिकडून काहीतरी चमकत होतं, म्हणून त्यांनी पितळेची परात उन्हात धरून उलट चमकवलं. आणि आपल्या कागदावर 'दिसत नाही'? कुणी लिहिलं हे?"

मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं. पण चाचा आधी बोलले. "त्या दिशी धुकं हुतं, सायेब."

"धुकं? भर उन्हाळ्यात?"

"डोंगरातलं धुकं, सायेब. कवा कवा ते कचेरीकडनं येतं."

साहेबांनी चाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय समजायचं ते समजले असावेत. वाडीचं नाव यादीत त्याच दिवशी पेनाने वाढवलं गेलं. जीपही बरी झाली. लॉगबुकात चाचांनी लिहिलं, 'फाटा येथे जीप आजारी. वाडी पाहून बरे वाटले.'

पुढच्या वर्षी छत्र्या लागल्या. टॉवर आणि वाडी यांच्यामधे एक झाडसुद्धा येत नसल्यामुळे तालुक्यात सगळ्यांत वेगवान इंटरनेट टेपावरच्या वाडीत निघालं. खालच्या गावांत पान उघडेपर्यंत चहा होई, वाडीत पान आधी उघडे. दहावीच्या निकालाच्या दिवशी खालच्या गावांतली पोरं दीड तास चढून निकाल बघायला वाडीत गेली. वाडीने त्यांना शाळेच्या ओट्यावर रांगेत बसवलं आणि पाणी विचारलं. हे मला चाचांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा जाडा झाला होता. "आता कळंल त्यास्नी चढ कसा अस्तोय," ते म्हणाले. मलाही अभिमान वाटला, पण तो कुठे ठेवावा ते कळेना, कारण माझ्या हक्काचा नव्हता.

चाचा निवृत्त झाले त्या समारंभात मी भाषण केलं. त्यांच्या म्हशींचं, शेऱ्यांचं, आरशाचं सांगितलं. लोक हसले. बुटांचं सांगितलं नाही. त्यालाही काही वर्षं गेल्यावर मी एकदा शिवऱ्याला उतरलो. चाचा ओट्यावर बसले होते, मोतीबिंदूने नजर गेलेली, पण गाडीच्या आवाजावरून कुणाचा गिअर चुकला ते सांगत होते. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "मला त्याच दिशी कळलं हुतं, सायेब."

"बुटांवरून?"

"बूट नंतर. म्या टेकडीवरनं तीन मारले. आपलं तीनचं ठरल्यालं. तर तिकडनं पाच आले, धा आले, थांबायलाच तयार न्हाई. म्हणलं, हे काय आपलं सायेब न्हवं. आपलं सायेब मोजून काम करनार. हे कुनीतरी खूश झाल्यालं माणूस हाय."

"मग तेव्हाच साहेबांना का सांगितलं नाही?"

"वाडीला छत्री पायजे हुती," चाचा म्हणाले. "तुमचं डोकं घिऊन वाडी काय करनार?" आणि आत हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

मागच्या वर्षी चाचा गेले. मुलाने आरसा मला आणून दिला. जीप भंगारात गेली तेव्हा चाचांनी तेवढा मागून घेतला होता. कड्या गंजल्या आहेत, काच शाबूत आहे. या हिवाळ्यात, जुने बूट घालून, मी टेपावरच्या वाडीत पहिल्यांदा चढलो. दीड तास नव्हे, माझ्या वयाला अडीच लागले. शाळेच्या ओट्यावर अंगणवाडीच्या ताई भेटल्या, केस पांढरे झालेले. मी त्यांना म्हणालो, मागं टेकडीवरून चमकत होतं, त्या दिवशी इथं यायला हवा होता तो माणूस मी.

"व्हय का?" त्या म्हणाल्या. "आमाला वाटलं पाव्हणं येत्यात. च्या टाकला हुता."

मी पिशवीतून आरसा काढला, ऊन पकडलं आणि समोरच्या टेकडीकडे वळवलं. एक. दोन. तीन.

"तिकडं कोन हाय?" ताईंनी विचारलं.

"आता कुणी नाही."

त्या जरा वेळ टेकडीकडे बघत राहिल्या. तीन केव्हाच झाले होते, आरसा मी हलवतच होतो. मी मोजायचं सोडून दिलं.